गणपतरावांचं तीन

गडमुडशिंगीच्या गणपतराव धनवड्यांना कोणी तोंडाळ म्हणावं, हेकट म्हणावं, एकेकाळी गावातला सगळ्यात जाडा माणूस म्हणावं. तिन्ही खरंच होतं. पण आकडा फुगवून सांगितला असं त्यांचा वैरीसुद्धा म्हणाला नसता. एकतीस वर्षं ते गावच्या दूध संस्थेत टेस्टर होते. पहाटे आणि संध्याकाळी लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे आणि गणपतराव प्रत्येकाच्या दुधाची फॅट काढून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडायचे. सहा पॉइंट चार. सात पॉइंट एक. एकदा चेअरमन विजयसिंहांच्या घरचं दूध आलं आणि फॅट लागली पाच पॉइंट दोन. किटली घेऊन आलेला गडी कानाशी येऊन म्हणाला, "चेअरमनांचं हाय वो." गणपतराव म्हणाले, "व्हय? मग त्यास्नी इचार, पाणी नळाचं घातलंय का हिरीचं." आणि पाच पॉइंट दोनच लिहिलं.

त्या संस्थेत एक रीत होती, आणि ती गणपतरावांनीच पाडलेली. आकडा पटला नाही तर भांडायचं नाही, थांबायचं. टेस्टर त्याच किटलीतून तुमच्या डोळ्यांदेखत नवा नमुना काढणार, तुमच्यासमोर मशीनला लावणार, आणि तुम्ही शेवटपर्यंत बघायचं. मागची रांग खोळंबली, लोक शिव्या घालायला लागले, तरी त्यांनी कोणाला "आकडा हाय त्यो हाय, चल निघ" म्हणून हाकललं नाही. ते म्हणायचे, "मला निस्तं दूध दिसतंय. म्हस त्याच्या दारात हाय. त्येला काय वाटतंय ते आपुन बघाय पायजे की."

वजन एकशे अडतीस किलो. साखर वाढलेली, गुडघे बोलायला लागलेले, झोपेत श्वास अडकायचा आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागायचा. मुलगा यशराज एमआयडीसीत सुपरवायझर होता. तो दहा वर्षं मागे लागला होता, आबा, ऑपरेशन करून घ्या, पोट बारीक करतात, वजन उतरतं. गणपतराव म्हणायचे, "मी काय टायर हाय का रं, हवा काढाय?" आणि मटणाचं ताट पुढं ओढायचे. मग एका संध्याकाळी टेस्टिंगच्या टेबलावरच त्यांना डुलकी लागली आणि अंबूबाईंच्या दुधाचा आकडा त्यांनी शेजारणीच्या नावावर ओरडला. एकतीस वर्षांत पहिला चुकलेला आकडा. त्याच आठवड्यात त्यांनी यशराजला सांगितलं, चल, कुठं कापायचं ते कापू दे. तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते.

"उशीर केलात काका," शहरातल्या त्या चार मजली हॉस्पिटलात डॉक्टर विश्वजित म्हणाले होते. "दहा वर्षांपूर्वी यायला हवं होतं. पण करू आपण."

केलं. आणि ऑपरेशन लागू पडलं, हेही सांगितलं पाहिजे. वर्षभरात एक्याऐंशी किलो. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. गुडघे गप्प झाले. झोप लागायला लागली. गणपतराव यातलं काहीही नाकारत नव्हते, जे आहे ते आहे. पण सहाव्या महिन्यात डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं, आणि ते काही थांबलं नाही.

खाल्लं की पाव तास काही नाही. मग आतून पीळ पडायला लागायचा, ओला टॉवेल दोघांनी दोन टोकांना धरून पिळावा तसा, आणि तो पीळ पाठीपर्यंत जायचा. कधी चाळीस मिनिटं, कधी दोन तास. तो सुटला की मागे एक ठणका राहायचा, तो तर चोवीस तास मुक्कामालाच होता. गणपतराव खाटेच्या कडेला बसून भिंतीला तळहात टेकायचे आणि तोंड मिटून घ्यायचे. ज्या माणसाचं साधं बोलणं चार घरं पलीकडे ऐकू जायचं तो माणूस मुका व्हायचा. विठाबाई स्वयंपाकघरातून त्या शांततेवरनंच ओळखायच्या की आता सुरू झालं. पण किती सुरू झालं हे त्यांनाही कळत नव्हतं, कारण नवरा कण्हतही नव्हता. बाकी दिवसभर मात्र ते सगळ्या घरावर भडकलेले असायचे. चहा गार का, पंखा एवढा जोरात का, दार कोणी आपटलं. घरातल्यांना वाटायचं, वजनाबरोबर माणसाची माया पण उतरली.

आणि लोक! लोकांना तर गणपतराव म्हणजे सिनेमाच झाला होता. रस्त्यात धरून म्हणायचे, "पावणं, कसलं बारीक झालासा! वीस वर्सांनी ल्हान दिसतासा की!" लग्नात नवरा-नवरी सोडून फोटोग्राफर यांचाच फोटो काढणार. यशराजनं आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो फोनमध्ये ठेवले होते आणि तो ते बघेल त्याला दाखवायचा. गणपतरावांना वाटायचं, पायातलं काढावं आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकेक द्यावं. दुखतंय म्हणून सांगितलं तर लोक हसून म्हणायचे, "आता तेवढं चालायचंच की." का चालायचं? कोणाच्या बापाचं पोट होतं ते?

दर तीन महिन्यांनी हॉस्पिटलात दाखवायला जायचं. पहिल्या वर्षी दुर्बीण घालून बघितलं, स्कॅन काढला, दोन्ही उपाशीपोटी. सगळं नॉर्मल. त्यानंतर तपासणी म्हणजे काय, तर वजनकाट्यावर उभं राहायचं आणि नर्सला आकडा सांगायचा. पहिल्यांदा तिनं कागद पुढं धरून विचारलं होतं, "काका, दुखणं एक ते दहात किती? दहा म्हणजे तुम्ही कल्पना करू शकाल असं सगळ्यात जास्त."

दुसरा कोणी असता तर पटकन काहीतरी सांगून मोकळा झाला असता. गणपतरावांना आकडा विचारला होता. ते पाच मिनिटं विचार करत बसले. शेवटी म्हणाले, "तीन." नर्सनं लिहिलं तीन, आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, सौम्य. तीन महिन्यांनी पुन्हा तीन, पुन्हा सौम्य. असं बारा वेळा झालं. डॉक्टर विश्वजित फाइल बघून दर वेळी म्हणायचे, "छान आहे काका. थोडंफार राहणार. सवय होईल."

परवा यशराजच त्यांना मिरजेच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी पोटाला हातही न लावता आधी फाइल चाळली. एकेक पान उलटत गेले, आणि फाइल मिटताना त्यांचा चेहरा असा झाला, की हा माणूस इथं कशाला आलाय. म्हणाले, "तीन वर्षं सौम्य वेदना आहे तुमच्या कागदावर. या वयात मन कुठंतरी रमवावं माणसानं. भजनाला जाता का?"

गणपतराव उठून बाहेर आले. गाडीत बसले. हातकणंगलं मागं पडलं. विठाबाई मागच्या सीटवर होत्या. शेवटी गाडी चालवता चालवता यशराजच म्हणाला, "आबा, तुमी तरी तीन का सांगताय? लोकं डोकं दुखलं तरी आठ सांगत्यात."

"तीन हाय म्हणून तीन सांगतोय."

"मग डॉक्टर तरी काय करणार? जरा वाढवून सांगायचं."

झालं. तीन वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. "वाढवून? म्हंजे पाणी घालायचं? अरं लेका, दुधात पाणी घातल्यावर फॅट कमी लागती. हितं पाणी घातल्यावर वाढती व्हय? कसली ही डेअरी म्हणायची! एकतीस वर्सं मी चेअरमनला सोडला न्हाय आनि आता सोताच्या पोटाचा आकडा खोटा सांगू? जो मोठ्यानं बोंबलंल त्येचं खरं, आनि जो खरं सांगंल त्येनं भजनाला जायचं! गाडी थांबीव. मी चालत जातो."

यशराजनं गाडी थांबवली नाही, पण वेग कमी केला. विठाबाई पुढं वाकल्या. त्यांना एवढ्या वर्षांत जे विचारायचं सुचलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"अवो, तुमी धा म्हंजे काय धरलासा?"

"कसलं काय धरलासा?"

"तीन म्हणतासा न्हवं. मग धा कुटला?"

गणपतराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गुऱ्हाळावरचा गडी आठवतोय का? चरकात हात गेलता त्यो. मी संस्थेत हुतो. निम्मं गाव मधी हुतं, तरी त्येचं वरडणं मला मशीनच्या आवाजातनं ऐकाय आलंतं. त्यो धा. त्येच्या वर मला न्हाय काय धरता येत. माझा मुतखडा पाच. आता ह्ये त्येच्या खालीच न्हवं?"

विठाबाईंचा हात तोंडावर गेला. "अवो, त्यो गडी तिसऱ्या दिवशी मेला की."

"मग? धा हायच त्यो."

"आनि मुतखड्याला तुमी जिमिनीवर गडबडा लोळलासा. चौघांनी उचलून जीपमधी घातलंतं तुमास्नी. त्यो पाच?"

"पाचच. त्यो सुटला चार दिवसांत. ह्ये तीन हाय, पर रोज दोनदा हाय."

यशराज समोर रस्त्याकडं बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. ते फोटो त्यानं किती जणांना दाखवले असतील, कोणास ठाऊक. विठाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मग त्यांना राग आला. तो नवऱ्यासारखा मोठ्यानं आला नाही, पण आला तो जायला तयार होईना. तीन वर्षं हा माणूस आपल्या शेजारी बसून मुतखड्याच्या थोडं खालचं दुखणं रोज दोनदा गिळत होता, आणि आपण त्याला चिडका म्हातारा म्हणत होतो.

"उद्या जायाचं," त्या म्हणाल्या. "त्या पैल्या डॉक्टरकडं. ही फाइल त्येनंच बिघडीवलीया, त्येच्याकडनंच नीट करून आणायची. न्हायतर दुसरा कोणबी तुमच्या पोटाला हात लावणार न्हाय."

"जाऊन काय सांगू? नऊ?"

"सांगायचं कायबी न्हाय. तुमची रीत इसरलासा काय? दावायचं."

गणपतरावांनी मान वळवून बायकोकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी बघितल्यासारखं बघितलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिघं हॉस्पिटलात. विठाबाईंच्या पिशवीत स्टीलचा डबा होता, त्यात अर्धी भाकरी दुधात कुस्करलेली. गणपतराव रोज खायचे तेवढीच, एक घासही जास्त नाही. नर्सनं विचारलं, "काका, एक ते दहात?" गणपतराव म्हणाले, "तीन. आत चल, तूबी बघ."

डॉक्टर विश्वजित वाईट माणूस नव्हते. हात कसबी, बोलणं गोड. पण बाहेर चाळीस पेशंट, त्यामुळं पाच मिनिटांत माणूस निकालात काढायची सवय लागलेली. हसून म्हणाले, "या काका! वजन काय म्हणतंय?"

"वजन कायबी म्हणत न्हाय. वजन गप हाय." गणपतरावांनी फाइल टेबलावर टाकली आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. "तीन मी सांगितलं, त्ये माझं. त्येच्यावरनं भांडण न्हाय. पर ह्यो सौम्य कुणी काढला?"

"तीनपर्यंत सौम्यच धरतात काका. सगळीकडं तशीच पद्धत आहे."

"सगळ्यांनी माझं पोट बघितलंय व्हय?"

"तसं नाही, पण तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

"उपाशीपोटी काढलासा. धार काढायच्या आधी किटली बघून कोण फॅट सांगतंय का?" गणपतरावांनी डबा उघडला. "आता माझं ऐका. माझ्या संस्थेत ज्येला आकडा पटत न्हाय त्येच्यासमोर दुसरा नमुना काढायची रीत हाय. मला तुमचा सौम्य पटत न्हाय. मी हितं खाणार. तुमी वीस मिन्टं बघायचं."

"काका, बाहेर रांग आहे. वीस मिनिटं मी कशी देऊ?"

"माझ्याबी मागं रांग असायची," गणपतराव म्हणाले आणि पहिला घास तोंडात घातला.

डॉक्टर उठायला लागले. तेवढ्यात विठाबाईंनी आपली खुर्ची उचलली, दाराला लावली आणि तिच्यावर मांडी ठोकून बसल्या. यशराज गडबडला. "आई, काय करतीस?" विठाबाई म्हणाल्या, "गप उभा ऱ्हा. डॉक्टरच्या दारात ह्ये तीन वर्सं बसल्यात. आज डॉक्टर माझ्या दारात बसंल."

डॉक्टर बसले. थोडे चिडले होते, थोडे घाबरलेही होते. गणपतरावांनी सावकाश खाल्लं, डबा पुसून झाकण लावलं. भिंतीवर घड्याळ होतं. डॉक्टरांनी फोन उचलला तसे गणपतराव कडाडले, "फोन ठिवा! नमुना लावल्यावर टेस्टरनं नजर हलवायची न्हाय." डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. बाहेर कोणीतरी दार वाजवलं. विठाबाईंनी आतूनच दोनदा वाजवून उत्तर दिलं.

चौदाव्या मिनिटापर्यंत गणपतराव बोलत होते. हॉस्पिटलच्या पार्किंगला, चहाला, लिफ्टला, सगळ्याला नावं ठेवत होते. मग "त्यो लिफ्टवाला तर" एवढंच म्हणाले आणि वाक्य अर्धंच राहिलं. तळहात टेबलाच्या कडेवर गेला. ओठ मिटले. मानेवरच्या शिरा दिसायला लागल्या, कपाळावर घाम फुटला आणि नाकावरून फाइलवर टपकला. माणूस पुढं वाकत वाकत टेबलाला टेकला, तरी तोंडातून आवाज नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

डॉक्टर उठून आले, त्यांना तपासणीच्या टेबलावर घेतलं. पोटाला हात लावला, तर ते फळीसारखं कडक. नाडी धरली आणि घड्याळाकडं बघत राहिले. एकशे तीस. नर्सला म्हणाले, "इंजेक्शन आण, लवकर." गणपतरावांनी त्यांचं मनगट पकडलं आणि मान हलवली. अजून नाही. नमुना पुरा झालेला नाही.

"रोज होतं असं?" डॉक्टरांनी विठाबाईंना विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"दिसातनं दोनदा. सकाळी आनि सांजंला. दूध घालाय गेल्यागत."

"मग काकांनी मला कधी बोलून का नाही दाखवलं?"

विठाबाई खुर्चीवरून उठल्या. आता दार मोकळं झालं होतं, पण डॉक्टर कुठं जाण्याच्या मनःस्थितीत नव्हते. "तीन वर्सं सांगतोय त्यो मानूस. तुमी आकडा इचारून पान उलटलंसा. तीन म्हंजे त्येचं काय, असं एकदा तरी इचारलासा? मीबी न्हाय इचारलं, ते मला आता जल्मभर पुरंल. पर तुमचं त्ये कामच हाय की!"

डॉक्टर गणपतरावांच्या पोटावर हात ठेवून उभे राहिले, दोन मिनिटं, पाच मिनिटं, आणि हाताखाली तो पीळ चढताना त्यांना कळत होता. शेवटी खाली वाकून हळू म्हणाले, "काका, आत चिकटलं असेल, नस अडकली असेल, मला आज सांगता येणार नाही. उद्या खाऊनच या, दुखायला लागल्यावर स्कॅन काढू. पूर्ण जाईल असंही वचन देत नाही. पण आता मला आकडा सांगा. आत्ता, या क्षणाला, किती?"

यशराजला राहवलं नाही. तो रडायलाच लागला होता. "आबा, सांगा की! नऊ सांगा! धा सांगा, आता तर सांगा!"

गणपतरावांचे डोळे मिटलेलेच होते. एक श्वास आत गेला, तिथंच अडकला, मग बाहेर आला.

"तीन."

नर्सच्या हातातली सिरिंज तशीच राहिली.

"तीनच," गणपतराव म्हणाले. "पाणी न्हाय त्येच्यात. आता तुमी लिवा काय लिवायचं त्ये."

डॉक्टर विश्वजितांनी आधी इंजेक्शन दिलं. मग टेबलाशी गेले, घामाचे थेंब पडलेली फाइल ओढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. आकड्याला त्यांनी हात लावला नाही. पुढच्या रकान्यातला सौम्य खोडला. पान उलटलं, तिथलाही खोडला. तिसऱ्या पानावर आले तेव्हा मागून गणपतरावांचा आवाज आला, दाताखाली दाबलेला, पण पहाटेच्या रांगेला ऐकू जायचा तोच.

"निस्तं खोडू नगा. परतेक खाडाखोडीवर तुमची सही करा. बाराबी ठिकाणी."